शेशानाच्या मुली

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पट्टी बांधलेले एक म्हातारबाबा बसले होते. त्यांची थकलेली लेक त्यांना बायबलमधला जुना करार वाचून दाखवत होती.

"पानं गाळलीस."

"नुसती नावं आहेत हो, बाबा. अमक्याचा मुलगा तमका. घसा बसला माझा."

"ज्यांची नावं आहेत, त्यांना विचार. वाच."

"शेशानाला मुलगे नव्हते, मुलीच होत्या."

"खुंटला ना मग वंश?"

"नाही. त्याने मुलगी आपल्या चाकराला दिली. तिला मुलगा झाला. तिथून पुढे तेरा नावं आहेत."

"मुलीकडून तेरा? नीट मोज."

"दोनदा मोजली."

"बरं. पहिलं पान काढ. आपल्या घरची नावं लिहिलीत ते."

"पाठ आहे मला. तुमच्या नावाखाली तुम्हीच लिहिलंय, 'इथे वंश संपला.' दहावीत होते मी तेव्हा."

"खोड ते. तुझं नाव घाल."

"आत्ता? पेन नाहीये."

मी खिशातलं पेन दिलं. नुकतंच काउंटरवरून ढापलं होतं, सत्कारणी लागलं.

"घातलं, बाबा."

"केवढं?"

"बाकीच्यांएवढंच."

"मोठं कर. पट्टी निघाली की मला आधी तेच दिसलं पाहिजे."