एकसष्ट दारांचे फोटो

मी, वय ५४ वर्षे, धंदा किल्ल्या बनवणे व कुलपे दुरुस्त करणे, राहणार बसथांब्यामागच्या गल्लीत, दुकानाच्याच वर. कागदोपत्री नाव वेगळं असलं तरी अख्खी गल्ली मला किल्लीमामा म्हणते, तेच लिहावं. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष येऊन सांगतो की,

एकतीस वर्षं मी हेच काम करतो. मोठ्या इस्पितळात कुलपांच्या देखभालीची कायम नोकरी निघाली आहे. अर्ज नोकरीच्या वेबसाइटवरच्या प्रोफाइलमधूनच घेतात. त्यात एका तरी गिऱ्हाईकाची शिफारस लागते आणि आज संध्याकाळी पाच ही शेवटची वेळ. सुनेने प्रोफाइल उघडून दिलं, पण शिफारशीचा रकाना कोराच राहिला. दार उघडलं की माणूस आधी आत पळतो, गॅस बंद करायला नाहीतर पोराला उचलायला. माझं नाव कोण विचारतो? याचं मला वाईट वाटतं, हेही लिहावं.

सून म्हणाली, बाबा, निदान कामाचा पुरावा तरी टाका. म्हणून रविवारी दारोदार हिंडून मी आजवर उघडलेल्या एकसष्ट दारांचे फोटो काढले आणि प्रोफाइलवर, कोणालाही दिसतील असे, चढवले. प्रत्येकाखाली पत्ता, कुलपाचा प्रकार आणि उघडायला लागलेली मिनिटं लिहिली. सून तेव्हा माहेरी होती. माझा हेतू वाईट नव्हता, अक्कल कमी पडली.

आज सकाळी साडेदहाला एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तक्रार दिली. नऊ वर्षांपूर्वी मी उघडलेलं त्यांचं दार सतरा नंबरला होतं, खाली 'दोन मिनिटं' असं लिहिलेलं. मी आलो तेव्हा बाई साहेबांना सांगत होत्या की या माणसाने चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या. मी चिडलो. चिडून जे बोललो ते कृपया लिहू नये. साहेबांनी नीट समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळे फोटो मी हवालदारांसमोर प्रोफाइलवरून पुसून टाकले व बाईंची माफी मागितली.

जाताना बाई पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या. सापडेना. तक्रार द्यायला रागारागात निघताना त्यांनी दार ओढून घेतलं होतं आणि किल्ली आतच राहिली होती. कोणी हसलं नाही. हवालदार खिडकीबाहेर बघत होते. बाई मला एवढंच म्हणाल्या, "चला."

हवालदार सोबत आले. दार एक मिनिट चाळीस सेकंदांत उघडलं, वेळ त्यांच्याच घड्याळातली. बाई आत गेल्या. मी हत्यारं गोळा करून निघालो, तर त्या चष्मा लावून, फोन घेऊन परत बाहेर आल्या आणि त्यांनी माझं नाव विचारलं. मग उंबऱ्यातच उभ्या राहून माझ्या प्रोफाइलवर लिहिलं ते असं: "हा माणूस माझं दार दोन मिनिटांत उघडू शकतो. नऊ वर्षांत बोलावल्याशिवाय एकदाही आला नाही."

बाईंनी तक्रार मागे घेतली. अर्ज चार वाजता गेला.

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाईंची दोन वाक्यं मी त्यांना पुन्हा एकदा वाचायला लावली. सगळं बरोबर आहे, म्हणून सही करतो.