जीन्सच्या धाडीतला पंच

हसा, पण पूर्ण ऐकून हसा. कॅम्प तीनला आपल्या महेशचा जीन्सचा कारखाना आहे ना, तिथे नकली ब्रँडचा माल आहे म्हणून पोलिसांची धाड पडली. हवालदार पंचनाम्याला साक्षीदार म्हणून पंच शोधत होता आणि सगळी गल्ली नजर चुकवून सटकत होती. मी मात्र आपणहून पुढे झालो. लॉच्या पहिल्या वर्षाला दोनदा नापास झालोय, पण तेवढा कायदा मला येतो.

"साहेब, झडतीचं शूटिंग करावं लागतं," मी फौजदारांना म्हणालो.

"करतोय की."

"मध्ये बंद नाही करायचं. नाहीतर कोर्टात पुरावा उडतो."

"ऐकलंस ना?" फौजदार हवालदाराला म्हणाले. "वकीलसाहेब सांगतायत तसं कर."

वकीलसाहेब ऐकून मी असा फुगलो की विचारू नका. "लेबल जवळून घ्या," म्हणत मी गठ्ठ्यातली पँट दाखवायला वाकलो. हवालदार मोबाईल धरून माझ्या मागेच उभा होता.

"घेतलं," तो म्हणाला. "गठ्ठ्यातलं पण आणि तुमच्या मागचं पण. सेम आहे."

महेश म्हणाला, "साहेब, ती पँट मीच दिली होती याला दिवाळीला. हा ओरिजिनल म्हणून मिरवतो."

मी हळूच विचारलं, "एवढा भाग डिलीट होईल का?"

"पुरावा उडेल ना, वकीलसाहेब," फौजदार म्हणाले.

त्या व्हिडिओत पुढे एक पंच शेवटपर्यंत भिंतीला पाठ लावून उभा आहे. सहीचा कागदही त्याने तिकडेच मागवला.