वेणूच्या वाट्याचा घोट

मानमोडी तापाच्या साथीत चोपड्याच्या दवाखान्यापुढे एवढी रांग लागली, की तिचं शेपूट पार तापीत भिजत होतं. वच्छलाबाईच्या पुढे झुंबरबाई आपल्या लेकाला, अभिमनला, झाडत होती. एक शब्द निसटू नये म्हणून वच्छलाबाईनं खोकला गिळला.

"तुझ्या बायकोचं औषध कोणी पेलं?"

"माय, हळू बोल. लोक ऐकतात."

"ऐकू दे! मोहाच्या दारूत लिंबू, मध अन् लसूण घालून मी वेणूच्या तापासाठी केलं. चव कळली अन् बठ्ठा गाव खोकायला लागला!"

"गावात साथ शे, माय."

"पाटील लोटा घेऊनच खोकत आला. मागून त्याची म्हैस बी खोकत आली!"

"मी नुसती चव पाहिली."

"बुडापर्यंत? तुले ताप व्हता का?"

"येईल असं वाटत व्हतं."

"मेल्या, ती तीन दिवस फणफणते शे. शेवटचा घोट तिचा व्हता. आता गावात लिंबू नाही, मध नाही."

"म्हणून तर रांगेत उभा शे ना!"

"आपल्या घरची रीत ऐक. आजाऱ्याचं जो खाईल, त्यानं आजाऱ्याचं काम करायचं. उद्यापासून तिचं जातं तू ओढ. ओट्यावर, गावादेखत."

"बापयानं दळायचं? गाव हसेल!"

"हसू दे. ती उठून बसेपर्यंत दळ."

"अन् ती उठलीच नाही तर, माय?"

"हे तुले पेताना का नाही सुचलं?"