मेंबरांची लाईन

…आणि वर दर चार दिवसांनी मोबाईलवर येतंय, 'सुजितजी, तुम्ही आमच्यासाठी खास आहात.' आता तुम्हीच सांगा, मला आजवर कुणी सुजितजी म्हटलंय? कंपनीत 'ए सुज्या', घरमालक 'आरं पोरा', आणि आई तर फोनवर थेट 'जेवलास का' म्हणते, तिला नावच लागत नाही. आणि हे मार्टवाले, ज्यांनी माझं तोंड धड बघितलं नाही, ते म्हणतात खास. का? तर मी कार्डवाला. पैसे भरून खास झालेला. मेंबरांसाठी खास, राव.

तुम्हाला सांगतो, मला मेंबर व्हायचंच नव्हतं. एकटा माणूस, खराबवाडीला चाळीत एक खोली, डबा मेसचा, मला लागतो साबण, टूथपेस्ट आणि फार तर बिस्किटाचा पुडा, एवढ्यासाठी कोण मेंबर होतं? पण चाकणला ते महाबचत मार्ट झालं आणि आमची कंपनीची बस रोज नेमकी त्याच्याच दारात ट्रॅफिकमध्ये अडकायला लागली. एक दिवस म्हटलं, बसमध्ये शिजत बसण्यापेक्षा आत एसीत उभं राहू. उतरलो, साबण उचलला, लाईनीत उभा राहिलो, तर पलीकडच्या काउंटरला ती. निशिगंधा. नाव कसं कळलं? स्टाफच्या खिशावर बिल्ला असतो हो. मी बिल्लाच वाचत होतो. खरंच, बिल्लाच.

साबण घेऊन तिच्या लाईनीत गेलो तर म्हणाली, "सर, ही मेंबरांची लाईन आहे."

झालं. तिथल्या तिथं मेंबर. लोक तांदळाच्या भावासाठी होतात, मी लाईनीसाठी झालो.

आता त्या लाईनीची गंमत ऐका. वर बोर्ड, 'मेंबरांसाठी खास, थांबायची गरज नाही', आणि खाली अख्खं चाकण मेंबर. त्यामुळं खास लाईन पार पिठाच्या रॅकपर्यंत, आणि साधं काउंटर रिकामं, तिथला माणूस जांभया देतोय. मागचे एक काका मला म्हणाले, "अहो, तिकडं मोकळं आहे, जा की." मी म्हटलं, "नको काका, मी मेंबर आहे." त्यांना वाटलं, काय हा माज. पण मला लाईन जितकी लांब तितकी बरी, तेवढा वेळ वाक्य पाठ करता यायचं. वाक्य साधंच, 'तुम्ही कुठल्या गावच्या?' पण मी पडलो प्रेस मशीनवरचा. आमच्या प्रेसला दोन बटणं, दोन्ही हात दोन्ही बटणांवर असले तरच मशीन खाली येतं, एक हात सुटला की जागच्या जागी बंद, कारण नाहीतर तो हातच जायचा. इतकी सवय झालीय की माझंही तसंच झालंय. एका हातात साबण, दुसऱ्यात कार्ड, चला, म्हटलं, आता तोंड उघडू… तोवर ती म्हणायची, "कार्ड द्या सर." कार्ड दिलं की एक हात सुटला. मशीन बंद.

एवढ्यावर भागलं असतं. पण चाळीला कळलं. आणि आमच्या चाळीची रीत अशी की एकाची शिडी ती सगळ्यांची शिडी, एकाचा मिक्सर तो सगळ्यांचा मिक्सर. मग एकाचं कार्ड कुणाचं असणार? पहिल्या आल्या शेजारच्या सुभद्राबाई, परभणीच्या. "सुजित, बाळा, येताना केसाची काळी मेंदी घिऊन ये बरं, मेंबरला एकावर एक हाय म्हणं. आन् गुडघ्याचा पट्टा बी बघ." मग खालच्या करिष्मावहिनी, कडेवर बाळ, "भाऊजी, डायपरची ऑफर फक्त मेंबरला दाखवतंय हो, आम्ही काय पाप केलंय?" मग घरमालक दत्तोबा, मूळचे इथलेच, "आरं पोरा, कवळी धुवायची पावडर मिळती का तिथं? मेंबराच्या भावानं?" आता मला कुणाला नाही म्हणणं जमत असतं तर वाक्य पाठ करायची वेळ आली असती का?

तर मी उभा मेंबरांच्या खास लाईनीत, ट्रॉलीत डायपर, काळी मेंदी, गुडघ्याचा पट्टा, कवळीची पावडर. आणि निशिगंधा एकेक वस्तू टुक करते आणि माझ्याकडं बघते, परत टुक करते, परत बघते. आणि एक दिवस, तुम्हाला सांगतो, ती आपणहून बोलली.

"बाळ कसं आहे?"

मी म्हटलं, "बरं आहे. दात येतायत, रात्रभर रडतं."

अहो, खरंच रडतं ते, मला खालून ऐकू येतं. पुढच्या वेळी म्हणाली, "आणि आजींचे गुडघे?" मी म्हटलं, "थंडीत धरतात." एवढा खूश होऊन खोलीवर आलो, की आपलं बोलणं सुरू झालं एकदाचं. बोलणं कशावर चाललंय हे लक्षात आलं दुसऱ्या दिवशी, प्रेसवर. तिच्या हिशोबानं मी लेकुरवाळा होतो. आता हे निस्तरायचं कसं? लाईनीत उभं राहून ओरडू, की हे डायपर माझे नाहीत?

ती संधी आली कुकरच्या दिवशी. अर्ध्या भावात कुकर, मेंबरांसाठी खास. दत्तोबा म्हणाले, मी सोताच येतो. आले, कुकर उचलून निशिगंधाच्या काउंटरला आणला, तर तिथं मॅनेजर म्हणाला, "काका, हा भाव मेंबरलाच." दत्तोबांचं डोकं फिरलं. "ह्या जाग्यावर आमी कांदा केलाय. तवा गिऱ्हाइकाला म्हणलो का, तू मेंबर न्हाईस, तुला येगळा दर?" मॅनेजरच्या हातात ऑफर पुकारायचा माईक. तो म्हणाला, "काका, त्यांनी आधी पैसे भरलेत, त्यांना काही जास्त नको का?" दत्तोबा म्हणाले, "मंग आमी काय फुकाट नेतो व्हय? देवाच्या दारात येगळी लाईन, आता कुकरला बी येगळी?"

मला तर दोघांचंही पटत होतं. भरलेत पैसे, तर काहीतरी मिळायला पाहिजे. पण शिट्टी काय मेंबराला वेगळी वाजते? असा मी मधल्यामध्ये, दत्तोबांचा कुकर दोन्ही हातांत धरून उभा, आणि मॅनेजरनं माईक माझ्या तोंडाला लावला. "हे आपले सर्वांत खास मेंबर. सुजितजी, सांगा, मेंबरला खास सवलत पाहिजे की नको? काय म्हणतात आमच्या वहिनी?"

दोन्ही हात कुकरवर. मशीन सुरू.

"मला बायको नाही."

स्पीकरवर गेलं ते. पार पिठाच्या रॅकपर्यंत. सगळ्या लाईनीच्या माना वळल्या. आणि निशिगंधाचा हात तोंडावर, डोळ्यांत पाणी.

"अरेरे… कधी गेल्या? आणि बाळ एवढंसं."

मग मी एका दमात सांगितलं, की गेल्या नाहीत, आल्याच नाहीत, बाळ करिष्मावहिनींचं, गुडघे सुभद्राबाईंचे, दात ह्यांचे. पुरावा म्हणून दत्तोबांनी कवळी काढून दाखवली. तेव्हा ती हसली. असं हसली, राव, की मला वाटलं कार्डाचे पैसे वसूल.

मग पुढं वाकून हळूच म्हणाली, "आम्हाला स्टाफला मेंबरचा भाव मिळत नाही, माहितीय? दिवसभर लोकांना खास भाव लावायचा आणि आपण पूर्ण किमतीला न्यायचं. तुमच्या कार्डावर घरातलं एक माणूस जोडता येतं. अख्खी चाळ वापरतेच आहे. माझं नाव जोडू?"

घरातलं माणूस. तिचं नाव. माझ्या कार्डावर. हात अजून कुकरवरच होते म्हणून तोंडातून निघालं, "जोडा."

"नातं टाकावं लागतं," म्हणाली, आणि टकटक करून टाकलंसुद्धा. मी विचारलं नाही. कुकर दत्तोबांच्या हातात गेला होता, माझे हात रिकामे.

बसमध्ये बसल्यावर मेसेज आला. 'सुजितजी, अभिनंदन. आपली बहीण निशिगंधा आता महाबचत परिवारात.'

आता रोज येतंय, 'सुजितजी, रक्षाबंधनाला बहिणीसाठी मिठाईच्या डब्यावर सूट. मेंबरांसाठी खास.' परवा साबण संपला म्हणून गेलो आणि गुपचूप साध्या काउंटरला जाऊन उभा राहिलो. एकटाच होतो. म्हटलं, बिल करू आणि निघू. तर तिकडून, सगळ्या लाईनीच्या डोक्यावरून हाक आली.

"दादा, तिकडं कुठं? तुम्ही मेंबर आहात ना?"

गेलो. लाईन पिठाच्या रॅकपर्यंत होती.