बेल्ट सोडायचं शिकवलंच नाही

मी कधी कोणाला उलटून बोलत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण सोमवारी बोललो. पाथर्डी फाट्याच्या आमच्या साइटवर बिहारचे गवंडी अकराव्या मजल्यावर परांचीवर उभे राहून बाहेरून प्लास्टर करतात, तेही सेफ्टी बेल्टशिवाय. सेफ्टीच्या साहेबांनी सगळ्यांना खाली बोलावलं, नवे कोरे बेल्ट वाटले आणि कसे बांधायचे ते शिकवलं. साहेब मराठीत बोलत होते आणि मी स्वतः एक बेल्ट बांधून तेच गवंड्यांना हिंदीत सांगत होतो. फोटो काढून झाले आणि साहेब म्हणाले, "चला, बेल्ट जमा करा. वर नेले की सिमेंटने खराब होतील. तपासणीला काय दाखवू?"

माझं डोकंच फिरलं. "आणि माणूस पडला तर काय दाखवाल, फोटो?"

"तू फक्त हिंदीत सांग. सोडा म्हणावं."

मी नाही सांगितलं. पण त्यांच्यातल्या रामदेवचाचांना मराठी कळतं. ते शांतपणे म्हणाले, "साहब, आपने बाँधना सिखाया. खोलना तो सिखाया ही नहीं." आणि बेल्टसकट जिना चढू लागले. बाकीचेही त्यांच्यामागे निघाले.

साहेब माझ्यावर डाफरले, "निदान तुझा तरी सोड!"

म्हटलं, "मलाही येत नाही."