मंगलताईंनी पाडलेल्या खाचा

राव, आमच्या निघोज्याच्या कंपनीत ग्राइंडिंग मशीनवर मंगलताई आहेत ना, त्यांचं ऐका. आम्ही मोठ्या ताकदीच्या मायक्रोवेव्ह यंत्राची सिरॅमिकची खिडकी बनवत होतो. लहरी तिच्यातूनच बाहेर पडतात. पॉवर वाढवली की तिच्यावरून ठिणगी पळायची आणि खिडकी तडकायची. आरशासारखी पॉलिश केली, तरी तेच. शेवटी एकच खिडकी उरली.

ताईंनी कारण विचारलं. मी म्हणालो, "इलेक्ट्रॉन तिच्यावर आपटत उड्या मारतात. दर उडीला त्यांची संख्या वाढते."

"मग पळायला एवढं गुळगुळीत मैदान कशाला देता? खाचा पाडा की, अडकतील."

उपाय बरोबर होता. पण मी घाबरलो. "ताई, हीपण फुटली तर?"

"सर, तुम्ही चहा घेऊन या. तुम्ही श्वास रोखून उभे राहिलात की माझा हात थरथरतो."

दुपारभर त्यांनी एकसारख्या बारीक खाचा पाडल्या. टेस्टला पॉवर पूर्ण चढवली, एक ठिणगी नाही! मी तर टाळ्याच वाजवल्या. मॅनेजरांनी कौतुकानं विचारलं, "ताई, शिक्षण किती झालंय?"

ताई हात पुसत म्हणाल्या, "खिडकीनं नाही विचारलं, सर."