महादेवाच्या डोहातल्या माद्या

जबाब. दि. १४ जून २०१६.

नाव सदाशिव नारायण टाकळकर, वय ६७ वर्षे, धंदा निवृत्त अधिव्याख्याता (प्राणिशास्त्र), राहणार सातारा परिसर, औरंगाबाद.

हिरापूरवाडी येथील मंदिर समितीचे अध्यक्ष बद्रीनाथ यांनी, देवाचे मासे चोरून मारले म्हणून कचरू यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. त्याबाबत मला विचारल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी उमा हिच्यासह राहतो. कॉलेजात असल्यापासून मी हिरापूरवाडीच्या डोहातील माशांचा अभ्यास करत आलो आहे. तक्रारदार व कचरू दोघांनाही मी ओळखतो. माझे दोघांशीही वैर नाही.

हा डोह नाथसागर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे मागे पसरलेल्या पाण्यात, महादेवाच्या देवळाखाली आहे. तेथे महसीर जातीचे मासे आहेत, म्हणजे होते. गावात त्यांना देवाचे मासे म्हणतात व कोणी धरत नाही. श्रावणात लोक त्यांना मुरमुरे टाकतात. कचरू यांचे पोट मासेमारीवर आहे, पण त्यांनीही या डोहात कधी जाळे टाकलेले मी पाहिले नाही.

हवालदार साहेबांनी विचारले की, मासे तर सगळ्या धरणात आहेत, मग याच माशांसाठी एवढा आटापिटा कशाला. त्याचे उत्तर असे. रोहू-कटल्याचे बोटाएवढे बीज सोडले की वर्षभरात ताटात येते. महसीर फार सावकाश वाढतो. मादी अंडी धरायच्या लायकीची व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. अंडीही इतर माशांच्या मानाने थोडी असतात आणि मादी जितकी मोठी तितकी जास्त. बाहेर जलाशयात मोठे मासे जाळ्यांनी निघून गेले. त्यांच्या जागी नवे तयार होईपर्यंत कोणी थांबले नाही. त्यामुळे या भागात अंडी घालणाऱ्या माद्या माझ्या माहितीप्रमाणे या एका डोहात उरल्या होत्या. सात-आठ होत्या. त्यातली सर्वांत मोठी माणसाच्या मांडीएवढी जाड होती. तिला मी लांबूनही ओळखत असे.

यंदाच्या दुष्काळात फुगवटा मागे हटला व डोह तुटून वेगळा पडला. मे महिन्यात पाणी गुडघ्याला आले. समितीने देवळात बैठक घेतली व मला बोलावले. पाऊस पडेपर्यंत मासे बद्रीनाथ यांच्या शेततळ्यात ठेवायचे व डोह भरल्यावर परत सोडायचे असे ठरले. पाण्याचा टँकर चालवणारे आप्पासाहेब यांनी आपल्या टँकरच्या दोन खेपा देवाच्या नावाने देऊ केल्या. इथपर्यंत सर्वकाही नीट झाले.

पहिल्या खेपेत कोणते मासे न्यायचे, हा प्रश्न निघाला. मी म्हणालो की, मोठ्या माद्या आधी न्या. तेव्हा बद्रीनाथ यांच्या आई मनकर्णाबाई, ज्यांचा शब्द गावात सहसा मोडत नाहीत, त्या म्हणाल्या, "सर, घरात पाणी शिरलं तर आदी पाळणा उचलत्यात का म्हातारीला? लेकरं ठिवून म्हाताऱ्या न्यायच्या व्हय?"

मी म्हणालो, "माशांचं उलटं असतं, मनकर्णाबाई. आई वाचली तर लेकरं पुन्हा होतात."

त्या म्हणाल्या, "लेकरं मेल्यावर आईनं वाचून काय करायचं, सर?"

बाया-माणसांनी होकाराच्या माना हलवल्या, तेव्हा मी मुद्दा सोडला व लहान मासे आधी न्यायचे ठरले. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, हे मुद्दाम लिहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साड्यांची झोळी करून लहान मासे धरले. टँकर त्या पिल्लांनीच भरून गेला. बायका एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन पोचवत होत्या. दुपारची खेप माद्यांसाठी होती. दुपारी टँकर आला नाही. मी आप्पासाहेब यांना फोन केला. ते म्हणाले, "सर, शहरातून फोनवर फोन यायलेत. माणसं पाण्यासाठी बोंबलायलीत, माशाला खेप कशी देऊ? उद्या बघतो." टँकर औरंगाबादला, आमच्याच भागातल्या बीड बायपासच्या नव्या वसाहतींकडे गेला होता. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. आप्पासाहेब यांना मी दोष देत नाही. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीतही टँकर आला होता. तोच की दुसरा, ते मी विचारले नाही. उमाने बादल्या भरल्या.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी कचरू यांचा फोन आला, "सर, माशे आ करायलेत. लवकर या." मी पोचलो तेव्हा डोहात चिखल होता. बाकीच्या माद्या मेल्या होत्या. मोठीचे कल्ले हलत होते. कचरू घागरीने तिच्या अंगावर पाणी ओतत होते. कुठून आणले ते ठाऊक नाही, कारण गावात प्यायलाही नव्हते. ते म्हणाले, "काय करू, सर?" मी पाहिले. ती जगण्यासारखी राहिली नव्हती. "तिला बाहेर काढ आणि या हालातून सोडव" असे मी सांगितले. त्यांनी दोनदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितले, तेव्हा त्यांनी सुरीने तिला मारले. समितीची तक्रार ज्या कृत्याबद्दल आहे, ते हेच.

त्यानंतर पोट उघडायला मीच सांगितले. आत अंडी होती, पिवळी, पोटभर. पाऊस आला असता तर ती या महिन्यात घातली गेली असती. कचरू म्हणाले, "एवढं समदं हिच्या पोटात व्हतं व्हय?" त्यांच्या हातात सुरी होती, तेवढ्यात देवळाकडून लोक आले. पुढचा आरडाओरडा तक्रारीत आला आहेच. कचरू यांनी मासा विकला नाही व खाल्ला नाही. काठावर खड्डा करून आम्ही दोघांनी सगळ्या माद्या पुरल्या. गुन्हा असेल तर तो माझ्या सांगण्यावरून झाला आहे, कचरू यांच्या नावावर घालू नये.

शेततळ्यातील लहान मासे आजअखेर जिवंत आहेत. काल मी पाहायला गेलो तेव्हा मनकर्णाबाई काठावर बसून मुरमुरे टाकत होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले, "सर, यातली आई कंची?"

मी म्हणालो, "अजून कोणीच नाही."

"मंग कवा व्हईल?"

त्यांचा नातू ऋतुराज तिसरीत आहे. मी म्हणालो, "तुमच्या ऋतुराजला मिसरूड फुटेल तेव्हा. तेही ही पिल्लं जगली आणि कोणी धरली नाहीत तर."

त्या म्हणाल्या, "तवा देवळात मला बोलला व्हता तुमी. अजून एक डाव बोलायचं व्हतं." आणि उरलेले मुरमुरे त्यांनी पदरात परत बांधून घेतले.

मला एवढेच सांगायचे आहे. हवालदार साहेबांनी लिहिलेले मी चष्मा लावून स्वतः वाचले व मोठ्यानेही वाचून दाखवायला लावले. मी सांगितले तसेच ते उतरले आहे. कमी-जास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.

(सही)
स. ना. टाकळकर